भयपटांचे रसिक आणि त्यांच्या शिफारशी

सुग्रास जेवणाची स्तुति करणारानें पानांतील प्रत्येक पदार्थाचें नांव आधीं सांगितलें, तरी जेवणाराच्या तोंडची चव कमी होत नाहीं. गाण्याच्या बैठकीचें वर्णन करणारानें गवयानें कोणता राग आळविला हें सांगितलें, तर ऐकणाराची उत्कंठा वाढतेच. परंतु भयपट किंवा रहस्यपट पाहून आलेल्या मनुष्याची स्थिति याहून अगदीं निराळी असते. त्याला जें सर्वांत अधिक आवडलें, नेमकें तेंच त्याला सांगतां येत नाहीं; आणि जें सांगतां येतें, तेवढ्यानें ऐकणाराचें समाधान होत नाहीं. 'अवश्य पाहा, पण कां तें विचारूं नका,' एवढेंच बोलून त्याला थांबावें लागतें. या चमत्कारिक अडचणींतून भयपटांच्या रसिकांमध्यें मतें देण्याची आणि शिफारस करण्याची एक स्वतंत्र रीति उत्पन्न झाली आहे. ती रीति वरवर पाहतां निव्वळ करमणुकीची दिसली, तरी कित्येक चित्रपटांचें जगणें-मरणें तिच्यावर अवलंबून राहिलें आहे, आणि कित्येक प्रेक्षकांचें सुखदुःखहि.

मुळांत भीतीसारखी नकोशी भावना पैसे देऊन विकत घ्यावी असें मनुष्यास कां वाटावें, हा प्रश्न भयपट न आवडणारे लोक नेहमीं विचारतात. त्याचें उत्तर चित्रपटाच्या जन्मापूर्वीं फार प्राचीन काळींच देऊन ठेवलेलें आहे. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रांत जे आठ रस सांगितले आहेत, त्यांत शृंगार आणि वीर यांच्याच पंक्तीला भयानकाचाहि पाट मांडलेला आहे. भय हा त्याचा स्थायिभाव. प्रत्यक्ष व्यवहारांत भय उत्पन्न झालें म्हणजे मनुष्य पळ काढतो; रंगमंदिरांत तेंच भय उत्पन्न झालें म्हणजे तो खुर्चीला खिळून बसतो. संकट आपल्यावर आलेलें नाहीं, ही जाणीव मनाच्या एका कोपऱ्यांत जागी असते, म्हणूनच भयाचें रूपांतर रसांत होतें. पावसाळ्याच्या रात्रीं कंदिलाच्या उजेडांत आजीनें मुंजाची अथवा हडळीची गोष्ट सुरू केली, म्हणजे भ्यालेलीं मुलें उठून जात नाहींत. उलट तिच्या अधिक जवळ सरकतात. भयपटाचा रसिक म्हणजे तें मूलच, केवळ वयानें वाढलेलें. त्याला भीति हवी असते, पण ती विश्वासाच्या माणसाकडून हवी असते. शिफारशीचें सारें मर्म या विश्वासांत आहे.

आतां भयपटांचे दोन रसिक एकत्र आले म्हणजे त्यांच्यांत वाद हा ठेवलेलाच. एक म्हणतो, अमुक चित्रपटानें आपली झोंप उडविली. दुसरा म्हणतो, त्यांत भिण्यासारखें कांहींच नव्हतें. असे बहुतेक वाद एका गैरसमजांतून निघतात. भयपट या एकाच नांवाखालीं निदान तीन निरनिराळ्या वस्तु बाजारांत येतात, आणि त्या वेगळ्या ओळखावयास पुनः भरतमुनींचीच परिभाषा उपयोगी पडते. भयानकाचा स्थायिभाव भय, बीभत्साचा जुगुप्सा, आणि अद्भुताचा विस्मय. या तिघांची गल्लत न करणें ही जाणत्या रसिकाची पहिली खूण होय.

शुद्ध भयानकाचें उदाहरण म्हणून १९४२ सालच्या 'कॅट पीपल' या अमेरिकन चित्रपटाकडे बोट दाखवितां येईल. निर्माता व्हाल लूटन आणि दिग्दर्शक झाक तूर्नर यांच्या हाताशीं पैसा अगदीं बेताचा होता. त्यांनीं भयंकर प्राणी दाखविण्याऐवजीं त्याची नुसती शंका दाखविली. एका प्रसंगांत एक तरुणी रात्रीच्या वेळीं निर्मनुष्य रस्त्यानें चाललेली आहे. तिच्या मागून दुसरीं पावलें वाजत आहेत. मग तीं एकाएकीं वाजेनाशीं होतात. शांतता असह्य होते, आणि इतक्यांत कानाशीं कर्कश फूत्कार होऊन एक बसगाडी तिच्यापुढें येऊन थांबते. कोणी कोणावर झडप घातलेली नसते, रक्ताचा थेंबहि सांडलेला नसतो. तरी सारें प्रेक्षकगृह दचकून उठतें. या युक्तीला चित्रपटव्यवसायांत आजहि 'लूटनची बस' असेंच म्हणतात. येथें भय पडद्यावर नसून प्रेक्षकाच्या मनांत आहे.

याच्या उलट टोंकाला १९६३ सालचा 'ब्लड फीस्ट' हा चित्रपट आहे. रक्त आणि छिन्नविच्छिन्न देह उघड उघड दाखविणाऱ्या चित्रपटांच्या परंपरेचा तो सामान्यतः आरंभ मानला जातो. तो पाहतांना तोंड फिरवावेंसें वाटतें. परंतु तें भयानें नव्हे, किळसेनें. आणि १९३३ सालच्या 'किंग काँग'मधला तो प्रचंड वानर पाहतांना जी भावना होते, तिच्यांत भयापेक्षां विस्मयाचाच वांटा मोठा असतो. ज्याला भयानक हवा आहे त्याच्यापुढें बीभत्स वाढला, तर तो पानावरून उठून जाईल. आणि ज्याला बीभत्स हवा आहे त्याला सांवल्यांचा खेळ मिळमिळीत वाटेल. दोष चित्रपटांचा नाहीं, वाढणाराचा आहे.

नांवावरून अंदाज बांधणें किती धोक्याचें असतें, हें १९७४ सालच्या 'द टेक्सस चेन सॉ मॅसकर' या चित्रपटावरून दिसून येतें. यांत्रिक करवतीनें केलेली कत्तल, असा अर्थ सांगणारें हें नांव ऐकून पडद्यावर रक्ताचे पाट वाहत असतील असें कोणासहि वाटेल. प्रत्यक्षांत दिग्दर्शक टोबी हूपर यानें रक्त फारच थोडें दाखविलें आहे. जो अनर्थ डोळ्यांनीं पाहिला असें प्रेक्षक पुढें शपथेवर सांगतात, त्याचा पुष्कळसा भाग त्यांच्या कानांनीं आणि कल्पनेनें रचलेला असतो. अशा ठिकाणीं पाहून आलेल्या मनुष्याचा एक शब्द जाहिरातीच्या शंभर ओळींहून अधिक उपयोगी पडतो.

रहस्यपटांच्या बाबतींत आणखी एक भेद ध्यानांत ठेवावा लागतो. अल्फ्रेड हिचकॉक या दिग्दर्शकानें फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफो याच्याशीं १९६२ सालीं जें प्रदीर्घ संभाषण केलें, त्यांत हा भेद एका दृष्टान्तानें स्पष्ट केला आहे. कांहीं माणसें मेजाभोंवतीं बसून गप्पा मारीत आहेत आणि मेजाखालीं बाँब आहे. प्रेक्षकांस त्याची कल्पना नसेल, तर बाँब फुटतांच त्यांना क्षणभर धक्का बसेल आणि प्रकरण तेथेंच संपेल. परंतु बाँब ठेवतांना प्रेक्षकांनीं पाहिलें असेल आणि भिंतीवरचें घड्याळहि त्यांना दिसत असेल, तर त्याच निरर्थक गप्पांचा प्रत्येक शब्द त्यांचा जीव टांगणीला लावील. पहिला प्रकार आश्चर्याचा, दुसरा उत्कंठेचा. उत्कंठेवर उभारलेल्या चित्रपटाची गोष्ट थोडीबहुत सांगितली तरी त्याचें फारसें बिघडत नाहीं. आश्चर्यावर उभारलेल्या चित्रपटाचें मात्र एका वाक्यांत वाटोळें होतें. म्हणून तोंड उघडण्यापूर्वीं हा चित्रपट यांपैकीं कोणत्या पायावर उभा आहे, याचा विचार रसिकास करावा लागतो.

रहस्य राखण्याची ही जबाबदारी प्रेक्षकांवर सोंपविण्याचा प्रघात चित्रपटकर्त्यांनींच पाडला. १९५२ सालच्या २५ नोव्हेंबर रोजीं लंडनमध्यें आगाथा ख्रिस्ती यांचें 'द माउसट्रॅप' हें नाटक सुरू झालें. खेळ संपल्यावर रंगभूमीवरूनच प्रेक्षकांना विनंति करण्यांत येते कीं, गुन्हेगार कोण तें बाहेर जाऊन कोणास सांगूं नये. महामारीमुळें २०२० सालच्या मार्चपासून २०२१ सालच्या मेपर्यंत पडलेला खंड सोडला, तर सत्तर वर्षांहून अधिक काळ हें नाटक चालत आलें आहे. एवढ्या काळांत त्याचें रहस्य जाणणारे लोक किती झाले असतील, याची कल्पनाच केलेली बरी. तरी रोज नवे प्रेक्षक कोऱ्या मनानें येऊन बसतातच. १९५५ सालीं फ्रान्समध्यें आंरी-झोर्झ क्लूझो या दिग्दर्शकाचा 'ले दियाबोलिक' हा चित्रपट प्रकाशित झाला. त्याच्या अखेरीस पडद्यावर अक्षरें उमटतात आणि प्रेक्षकांना सांगतात कीं, तुम्हीहि सैतान होऊन आपल्या मित्रांच्या आनंदाचा नाश करूं नका. १९५७ सालच्या 'विटनेस फॉर द प्रॉसिक्यूशन' या न्यायालयीन रहस्यपटाच्या शेवटींहि अशीच सूचना ऐकूं येते.

या प्रघाताला खरी धार हिचकॉकनें १९६० सालीं 'सायको' या चित्रपटाच्या वेळीं आणली. त्या काळीं अमेरिकेंत एकामागून एक खेळ अखंड चालूं असत. प्रेक्षक वाटेल तेव्हां आंत शिरत, मध्यापासून शेवटापर्यंत पाहत, आणि पुढच्या खेळाचा आरंभ पाहून, 'येथवर आपण पाहिलें आहे' असें म्हणत उठून जात. 'सायको'ची रचना अशी कीं, उशिरां येणारास चित्रपट समजणारच नाहीं, आणि शेवट आधीं पाहणारास तो पुरता वायां जाईल. हिचकॉकनें फर्मान काढलें कीं, खेळ सुरू झाल्यावर कोणालाहि आंत सोडूं नये. टीकाकारांसाठीं आगाऊ खेळ करण्याचा रिवाजहि त्यानें मोडला. त्यांनाहि सामान्य प्रेक्षकांबरोबरच बसावें लागलें. चित्रपटगृहांबाहेर लोक रांगा लावून वेळेवर उभे राहूं लागले, आणि बाहेर पडणारांच्या चेहऱ्यांकडे पाहूनच आंत जाणारांची उत्कंठा वाढूं लागली. न बोलतां केलेली शिफारस ती हीच.

महाराष्ट्रांतहि अशी एक परीक्षा होऊन गेली आहे. राजा परांजपे यांचा 'पाठलाग' हा रहस्यपट १९६४ सालीं आला. दोनच वर्षांनीं, म्हणजे १९६६ सालीं, राज खोसला यांनीं त्याच कथानकावर हिंदींत 'मेरा साया' काढला. ज्या मराठी प्रेक्षकांनीं 'पाठलाग' पाहिला होता, त्यांच्या हातीं नव्या चित्रपटाचें कुलूप उघडणारी किल्ली आधींच होती. शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या मित्राच्या कानांत चार शब्द सांगून आपलें ज्ञान मिरवावें, कीं ओठ आवळून त्याच्या चेहऱ्यावरचा गोंधळ पाहण्यांतच सुख मानावें, हा प्रश्न अशा प्रत्येक प्रेक्षकापुढें उभा राहतो. रसिक आणि फुशारकी मारणारा यांच्यांतील अंतर याच ठिकाणीं उघड होतें.

यावर असा आक्षेप घेतला जातो कीं, रहस्यस्फोटाचा हा बाऊ निष्कारण आहे. त्याला थोडासा आधारहि आहे. २०११ सालीं कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो येथील शाखेंतील दोन मानसशास्त्रज्ञांनीं लघुकथांवर प्रयोग केला. ज्या वाचकांना शेवट आधीं सांगितला होता, त्यांना त्या कथा एकंदरीत अधिकच आवडल्या, असें त्यांस आढळून आलें. इतरांनीं पुढें केलेल्या प्रयोगांत याच्या उलट निष्कर्षहि निघाले. पण हा वाद कसाहि सुटो, त्यानें मूळ मुद्दा ढळत नाहीं. चांगला चित्रपट शेवट ठाऊक असतांनाहि पुनःपुन्हां पाहतां येतो, हें खरें. दुसऱ्यांदा पाहणारास दिग्दर्शकाचें कसब अधिक दिसतें, हेंहि खरें. मात्र दुसरें दर्शन हवें तितक्या वेळां घेतां येतें, आणि पहिलें दर्शन आयुष्यांत एकदांच होतें. तें कसें घ्यावें हें ठरविण्याचा अधिकार ज्याचा त्याचा असतो. तो अधिकार न विचारतां हिरावून घेणें हा रसिकतेचा नव्हे, तर सभ्यतेचा प्रश्न आहे.

रसिकांच्या हातीं चित्रपटाचा आनंद बिघडविण्याची शक्ति आहे, तशीच मेलेला चित्रपट उठविण्याचीहि आहे. आणि या दुसऱ्या शक्तीचा इतिहास अधिक रम्य आहे. 'सायको' ज्या वर्षीं आला, त्याच १९६० सालीं इंग्लंडमध्यें मायकेल पॉवेल या नामांकित दिग्दर्शकाचा 'पीपिंग टॉम' प्रकाशित झाला. वृत्तपत्रांतील टीकाकारांनीं त्याच्यावर असा कांहीं भडिमार केला कीं, चित्रपट लौकरच मागें घ्यावा लागला आणि पॉवेलच्या इंग्लंडमधील कर्तृत्वाला जबर धक्का बसला. तरी ज्या थोड्यांनीं तो पाहिला, त्यांनीं त्याचें नांव विसरूं दिलें नाहीं. अखेर १९७९ सालीं मार्टिन स्कॉर्सेसी या अमेरिकन दिग्दर्शकाच्या खटपटीनें तो न्यूयॉर्कच्या चित्रपटमहोत्सवांत पुनः दाखविण्यांत आला. आज त्याची गणना इंग्लंडच्या उत्कृष्ट चित्रपटांत होते. पॉवेल १९९० सालापर्यंत जगला. तेव्हां एकोणीस वर्षांनीं कां होईना, न्याय त्याला डोळ्यांनीं पाहावयास मिळाला.

अशीच गोष्ट जॉन कार्पेंटरच्या 'द थिंग'ची. तो १९८२ सालच्या २५ जून रोजीं अमेरिकेंत प्रकाशित झाला. त्याच्या दोनच आठवडे आधीं परग्रहावरच्या एका गोजिरवाण्या पाहुण्याचा 'ई. टी.' हा चित्रपट आला होता, आणि सारा देश त्याच्या प्रेमांत बुडाला होता. अशा वेळीं परग्रहावरून आलेल्या अमंगळ प्राण्याचें दर्शन कोणालाच रुचलें नाहीं. टीकाकारांनीं झोडपलें, प्रेक्षकांनीं पाठ फिरविली. परंतु पुढें भाड्यानें मिळणाऱ्या व्हिडिओ फितींवरून तो घरोघर गेला. एकानें दुसऱ्याच्या हातीं फीत देऊन 'ही घेऊन जा' म्हणावें, दुसऱ्यानें तिसऱ्याला सांगावें, असें करतां करतां तो भयपटांच्या श्रेष्ठ मालिकेंत जाऊन बसला.

या कामीं रसिकांना एकमेकांचा पत्ता लागणें अवश्य होतें. कारण भयपटाची आवड ही पुष्कळ काळ चारचौघांत सांगावयास लाजण्यासारखी गोष्ट समजली जात असे. १९५७ सालच्या ऑक्टोबरांत युनिव्हर्सल कंपनीचे जुने ५२ चित्रपट अमेरिकेंतील दूरचित्रवाणी केंद्रांना मिळाले, आणि आजोबांच्या काळचा ड्रॅक्युला नातवांच्या दिवाणखान्यांत अवतरला. पुढच्याच वर्षीं, १९५८ सालीं, फॉरेस्ट ॲकरमन यांच्या संपादकत्वाखालीं 'फेमस मॉन्स्टर्स ऑफ फिल्मलँड' हें मासिक निघालें. वस्तुतः एकच अंक काढावयाचा बेत होता. तो हातोहात खपला म्हणून मासिक चालू राहिलें. त्यांतील पत्रव्यवहाराच्या पानांवरून गांवोगांवच्या एकलकोंड्या मुलांना कळलें कीं, आपल्यासारखे वेडे आणखीहि आहेत. पॅरिसमध्यें १९६२ सालीं 'मिदी-मिन्वी फान्तास्तिक' हें नियतकालिक सुरू झालें. त्याचें नांव भयपट दाखविणाऱ्या एका चित्रपटगृहावरून घेतलेलें होतें.

मराठी मनाला या बाबतींत जवळचें वाटावें असें उदाहरण 'तुंबाड'चें आहे. राही अनिल बर्वे यांनीं दिग्दर्शित केलेला हा हिंदी चित्रपट कोंकणांतील पावसांत, पडक्या वाड्यांत आणि मनुष्याच्या लोभांत रुजलेला आहे. मराठींत भयकथेला मोठा वाचकवर्ग मिळवून देणारे नारायण धारप (१९२५-२००८) यांच्या कथेनें त्याची प्रेरणा दिली, आणि त्याचें नांव श्री. ना. पेंडसे यांच्या 'तुंबाडचे खोत' या कादंबरीची आठवण करून देतें. २०१८ सालीं व्हेनिसच्या महोत्सवांतील समीक्षक सप्ताहाचा आरंभ याच चित्रपटानें झाला. त्याच वर्षीं १२ ऑक्टोबर रोजीं तो हिंदुस्थानांत प्रकाशित झाला. पण चित्रपटगृहांतील त्याची मिळकत बेताचीच राहिली. नंतर मात्र घरबसल्या पाहणारांनीं त्याची महती एकमेकांस सांगावयास आरंभ केला. सहा वर्षें ही कुजबूज वाढत राहिली, आणि २०२४ सालच्या १३ सप्टेंबर रोजीं तो पुनः चित्रपटगृहांत आला, तेव्हां पहिल्या वेळच्या सबंध मिळकतीहून अधिक पैसा त्यानें मिळविला. नवीन जाहिरातीचा यांत वांटा असेलच. तथापि जो चित्रपट घरांत पाहतां येतो, त्यासाठीं लोकांनीं तिकीट काढून अंधारांत जाऊन बसावें, हें केवळ जाहिरातीनें होत नाहीं. पाहून आलेल्यांनीं त्याला आपला मानला, तेव्हांच तें झालें.

परंतु शक्ति आली कीं तिच्यामागून जबाबदारीहि येते. १९६८ सालच्या ऑक्टोबरांत जॉर्ज रोमेरो याचा 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' प्रकाशित झाला. अमेरिकेंतील चित्रपटांची वयानुसार वर्गवारी त्यानंतर महिन्याभरानें, १ नोव्हेंबरपासून, अंमलांत आली. त्यामुळें शिकागोंतील एका दुपारच्या खेळाला लहान मुलांनीं प्रेक्षकगृह भरून गेलें होतें. रॉजर ईबर्ट या टीकाकारानें त्या खेळाचें वर्णन करून ठेवलें आहे. आरंभीं आनंदानें किंकाळ्या फोडणारीं मुलें हळूहळू गप्प झालीं. हा नेहमींचा भुताचा खेळ नव्हे हें त्यांना उमगलें, आणि कांहीं मुलें बसल्या जागीं रडूं लागलीं. चित्रपट उत्कृष्टच होता, आणि पुढें तो युगप्रवर्तक ठरला. पण त्या दुपारीं तो चुकीच्या प्रेक्षकांपुढें होता. आजी गोष्ट सांगते तेव्हां ऐकणारीं मुलें कोणत्या वयाचीं आहेत हें ती पाहते. तेथें तें पाहणारें कोणीच नव्हतें.

सरकारी प्रमाणपत्र हें काम थोड्या प्रमाणांत करतें. हिंदुस्थानांत २०२३ सालच्या दुरुस्तीनें पालकांच्या मार्गदर्शनाखालीं पाहावयाच्या चित्रपटांचे सात, तेरा आणि सोळा वर्षें असे तीन वयोगट पाडण्यांत आले. तरी प्रमाणपत्र वय सांगतें, मन सांगत नाहीं. ज्याच्या घरांत नुकताच मृत्यु झाला आहे, त्याला प्रेतांच्या हालचालींचा चित्रपट पाहवणार नाहीं. जी स्त्री गरोदर आहे, तिला 'रोझमेरीज बेबी' या १९६८ सालच्या प्रख्यात भयपटाचें नांव सुचविणें शहाणपणाचें होणार नाहीं. ही माहिती कोणत्याहि मंडळापाशीं नसते. ती मित्रापाशीं असते. म्हणूनच चांगला शिफारस करणारा आधीं चित्रपटाविषयीं बोलत नाहीं. समोरच्या माणसाविषयीं विचारतो. त्याला काय पाहून पूर्वीं भीति वाटली, काय पाहून किळस आली, काय सोसवत नाहीं, आणि तो एकटा पाहणार आहे कीं सोबतीनें, एवढें समजून घेतल्यावर चित्रपटाचें नांव आपोआप सुचतें.

आणि नांव सुचविल्यानंतर सांगावयाचें तें किती? अनुभवी रसिकांच्या बोलण्यांत चार गोष्टी असतात. भयाची जात कोणती, म्हणजे तें सांवलीचें आहे कीं रक्ताचें, भुताचें आहे कीं माणसाचें, ही पहिली. चाल कशी, म्हणजे चित्रपट हळूहळू चढत जातो कीं पहिल्याच घटकेला गळा धरतो, ही दुसरी. मन दुखावेल असें त्यांत काय आहे, ही तिसरी. लहान मुलाला अथवा मुक्या प्राण्याला होणारी इजा पुष्कळांना सहन होत नाहीं, आणि तिची पूर्वसूचना दिल्यानें रहस्य फुटत नाहीं. पाहावा कसा, ही चौथी. एका बैठकींत, दिवे मालवून, आणि आवाज नीट ऐकूं येईल अशा रीतीनें पाहणें हेंच भयपटाचें पथ्य, कारण डोळे मिटून घेणाऱ्या भित्र्याला सुद्धां कान मिटतां येत नाहींत. याच्यापुढें, विशेषतः मध्यानंतर काय होतें याविषयीं, तो एक शब्दहि बोलत नाहीं. 'शेवटीं एक मोठा धक्का आहे' असेंहि तो म्हणत नाहीं. कारण धक्का येणार हें कळलेला प्रेक्षक गोष्ट सोडून धक्क्याचीच वाट पाहत बसतो.

या रीतीनें नवशिक्यासाठीं एक सोपी वाटहि आंखून देतां येते. ज्यानें कधीं भयपट पाहिला नाहीं, त्यानें 'कॅट पीपल'पासून आरंभ करावा. तो जेमतेम सव्वा तासाचा आहे, आणि न दाखवितां भिवविणें म्हणजे काय तें त्यांत कळतें. मराठी वातावरणांतील गूढ ज्याला हवें, त्यानें १९७६ सालचा 'हा खेळ सावल्यांचा' पाहावा. ज्याला बुद्धीला कोडें हवें, त्यानें 'पाठलाग' आणि नंतर 'ले दियाबोलिक' पाहावा. त्यापुढची पायरी 'सायको'ची. भय आणि लोभ यांचें नातें ज्याला समजून घ्यावयाचें आहे, त्याला 'तुंबाड' आहे. एवढें पचलें, म्हणजे 'द थिंग'च्या बर्फाळ प्रदेशांत जावयास हरकत नाहीं. परंतु तेथें बीभत्सहि भरपूर आहे, हें सांगून ठेवलेलें बरें. जो मधल्याच पायरीवर थांबेल, त्याला कोणी भित्रा म्हणूं नये. 'यांत भिण्यासारखें काय आहे?' हा प्रश्न रसिकांच्या मेळाव्यांत वारंवार ऐकूं येतो. पण त्यानें चित्रपटाचें मोल ठरत नाहीं, विचारणाराची ऐट तेवढी दिसते. न भिण्याचा अभिमान धरणारानें आपलें तिकीट फुकट घालविलें, एवढाच त्याचा अर्थ.

चित्रपट एकदां पाहिला कीं रसिकाच्या हातीं दुसऱ्याची एक ठेव येते. पुढच्या माणसाचा पहिला श्वास रोखला जाण्याचा क्षण त्या ठेवींत बांधलेला असतो. ती उधळून टाकणें सोपें आहे. त्याला एक वाक्य पुरतें. ती योग्य माणसाच्या हातीं, योग्य वेळीं आणि न उघडतां सोंपविणें हें कठीण आहे. परंतु ज्या अनोळखी प्रेक्षकांनीं इतकीं वर्षें तोंडें मिटून ठेवलीं, त्यांच्याच कृपेनें आजच्या प्रेक्षकाला तो क्षण लाभतो. आणि त्यानें तो तसाच पुढें देणें, हीच त्या उपकाराची फेड होय.